खाण बुजते, नमुना उरतो

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला काळा दगड अनोळखी नाही. जुन्या घरांची जोती याच दगडाची, विहिरींची बांधकामे याचीच. रेल्वेच्या रुळांखाली पसरलेली खडी याचीच आणि काँक्रिटमध्ये पडते ती खडीही याचीच. बाळकुमपासून खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरापर्यंत आणि तेथून पुढे कल्याण, कसारा, घाटमाथ्यापर्यंत हाच कातळ पसरलेला आहे. भूशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात.

विद्यार्थी मित्रांनो, या दगडाच्या खडीचा एखादा ढीग तुम्ही लक्षपूर्वक पाहिला आहे काय? काही तुकड्यांवर पांढरे, फिकट गुलाबी किंवा हिरवट ठिपके दिसतात. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. क्वचित एखाद्या दगडात मूठ मावेल एवढी पोकळी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर काचेसारखे चमकणारे स्फटिक उभे असतात. पुष्कळ लोक या सर्वांना सरसकट ‘गार’ म्हणतात आणि पुढे जातात. पण याच पोकळ्यांतून निघालेले नमुने जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. हे स्फटिक कसे तयार झाले, ते जमवावेत कसे आणि जमविताना कोणती एक गोष्ट कधीही विसरू नये, याचा विचार या लेखात करू.

पोकळीत घडलेले रसायन

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारसाचे लोट पुन्हापुन्हा बाहेर पडले. एकावर एक थर साचत गेले. आजही या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. आपला सह्याद्री याच थरांतून कोरला गेला आहे.

लाव्हारसात वायू विरघळलेले असतात. सोड्याची बाटली उघडली की दाब कमी होऊन बुडबुडे सुटतात, तसेच लाव्हा पृष्ठभागावर आल्यावर होते. बुडबुडे वर चढू लागतात. पण वरचा थर लवकर थंड होऊन घट्ट झालेला असतो, त्यामुळे ते वाटेतच अडकून पडतात. बुडबुडा जातो, पोकळी राहते. थराच्या वरच्या भागात अशा पोकळ्या अधिक आढळतात, याचे कारण हेच.

पुढचे काम पाण्याचे. भेगांतून झिरपणारे पाणी खालच्या उष्णतेने तापते आणि बेसाल्टमधील सिलिका, अॅल्युमिना, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम असे घटक थोडे थोडे विरघळवून घेते. पोकळीत पोहोचल्यावर तापमान किंवा द्रावणाचे घटक बदलले की हे पदार्थ स्फटिकरूपाने भिंतींवर बसू लागतात. तुम्ही शाळेत तुरटीचा स्फटिक वाढविला असेल. द्रावण घाईने आटविले तर नुसता चुरा मिळतो, सावकाश थंड होऊ दिले तर सुबक पैलूंचा स्फटिक मिळतो. पोकळीत निसर्गाला घाई नव्हती. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या साहाय्याने वय काढले असता असे दिसून आले आहे की, यांतील काही स्फटिक लाव्हा थंड झाल्यावर कित्येक दशलक्ष वर्षांनी वाढलेले आहेत.

या खनिजांतील सर्वांत मोठे कुटुंब झिओलाइटांचे. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, लॉमोंटाइट ही त्यांतील काही नावे. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या शास्त्रज्ञाने असे खनिज तापविले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एक जाळीदार चौकट या खनिजांत असते आणि तिच्या बोळांतून पाण्याचे रेणू राहतात. तापविल्यावर पाणी निघून जाते, पण बहुतेक झिओलाइटांत चौकट उभीच राहते. रिकाम्या बोळांत मग दुसरे रेणू शिरू शकतात. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीत घरोघरी ऑक्सिजन देणारी जी यंत्रे आपण पाहिली, त्यांत कृत्रिम झिओलाइटच असते. दाबाखाली ते हवेतील नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. दाब काढला की नायट्रोजनही सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार होते.

पोकळीतील सर्वच खनिजे झिओलाइट नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. अपोफिलाइट, प्रेहनाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झ ही त्यांच्या शेजारी वाढणारी, पण निराळ्या घराण्यांतील खनिजे आहेत.

एका नमुन्याने काय केले?

दगड जमविणे हा नुसता छंद आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे हे कळण्यासाठी क्षणभर आपला बेसाल्ट सोडून जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणींकडे जाऊ.

फ्रायबर्गला बाराव्या शतकापासून चांदीच्या खाणी होत्या. तेथे सल्फोसॉल्ट नावाच्या गटातील खनिजे सापडत. चांदी, तांबे किंवा शिसे यांसारखा धातू, आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ यांसारखे अर्धधातू आणि गंधक अशा तिघांच्या संयोगाने ही खनिजे बनतात. खोल भेगांतून वर आलेल्या, धातू विरघळलेल्या उष्ण पाण्यातून ती साचतात. आपल्या देशात राजस्थानातील राजपुरा-दरिबाच्या खाणीत ती आढळली आहेत. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मात्र त्यांची अपेक्षा करू नये.

१८८५ साली फ्रायबर्गजवळच्या हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत चांदीचे एक खनिज निघाले. ते नेहमीच्या चांदीच्या खनिजांसारखेच दिसत होते, पण खनिजशास्त्राचे प्राध्यापक वाइसबाख यांनी ते नवे असल्याचे ओळखले आणि त्याला आर्जिरोडाइट असे नाव दिले. पृथक्करणाचे काम विंकलर या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. त्यांनी चांदी मोजली, गंधक मोजला, इतर किरकोळ धातू मोजले आणि बेरीज केली. ती शंभर टक्के यावयास हवी होती. ती आली ९३ ते ९४. पुन्हा केले, पुन्हा तेवढीच तूट! मापनात चूक नसेल तर उरलेले सहा-सात टक्के कोणाचे? फेब्रुवारी १८८६ मध्ये विंकलर यांना उत्तर मिळाले. ते एक नवे मूलद्रव्य होते, जर्मेनियम. मेंडेलेव्ह यांनी १८७१ साली आवर्त सारणीतील एका रिकाम्या जागेसाठी ७२ अणुभार आणि ५.५ घनता असलेल्या मूलद्रव्याचे भाकीत केले होते. जर्मेनियम त्या जागेत चपखल बसले. पुढे १९४७ साली पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला तो जर्मेनियमच्याच स्फटिकावर.

‘चांदीचाच दगड दिसतो’ असे म्हणून तो नमुना भट्टीत टाकला असता तर? फ्रायबर्गच्या त्या खाणी विसाव्या शतकात बंद झाल्या. ज्या शिरेतून तो नमुना निघाला तेथे आज हवे तेव्हा जाता येत नाही. उरले आहेत ते संग्रहालयांतील नमुने आणि त्यांच्याबरोबरच्या चिठ्ठ्या.

आपल्याकडच्या खाणी

आपल्याकडे खाण म्हणजे बहुधा दगडखाण. तिचा हेतू खडी मिळविणे हा असतो, स्फटिक मिळविणे हा नव्हे. सुरुंग उडतो, कातळ फुटतो आणि कधी कधी एखादी पोकळी उघडी पडते. ती प्रथम दिसते ती पहार आणि घण चालविणाऱ्या कामगारालाच. त्याने हात आवरला तर नमुना वाचतो, नाही तर तो खडीच्या यंत्रात जातो.

रेल्वेनेही अशा अनेक पोकळ्या उघड्या केल्या. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत गाडी आली. त्यानंतर १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला. तेथे २५ बोगदे खणले गेले आणि एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. त्या खोदकामात निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे सुंदर नमुने युरोपातील संग्रहालयांत गेले. मात्र त्या काळच्या पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसते ‘पूना’ किंवा ‘हिंदुस्थान’ एवढेच लिहिलेले असे. कोणता बोगदा, कोणता थर, शेजारी कोणते खनिज, काही नाही. नमुना देखणा असला तरी त्याला विचारावयाचे प्रश्न त्यामुळे कायमचे अनुत्तरित राहतात.

नोंद असली तर किती कळते, याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले मुंबईच्या मालाडचे. तेथील खाणीत प्रेहनाइटचे हिरवट, बोटांसारखे नमुने मिळाले. ही बोटे आतून पोकळ असतात. असे का? आधी पोकळीत लॉमोंटाइटच्या लांबट कांड्या वाढल्या. नंतर पाण्याचे घटक बदलले आणि त्या कांड्यांवर प्रेहनाइटचे कवच चढले. पुढे आतले लॉमोंटाइट नाहीसे झाले आणि कवच तेवढे राहिले. पाणी कसकसे बदलत गेले याचा क्रम त्या एका नमुन्यात वाचता येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील भूशास्त्रज्ञ प्रा. सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातील झिओलाइटांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही खनिजे कोठेही कशीही विखुरलेली नसून त्यांच्या आढळण्याला प्रदेशानुसार काही मांडणी आहे, असे दाखविले. असा अभ्यास ‘कोठे काय सापडले’ हे नेमके माहीत असल्याशिवाय होऊच शकत नाही. आज मुंबईच्या उपनगरांतील बहुतेक जुन्या दगडखाणी बंद झाल्या आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीचे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९६० नंतरच्या दशकात एक गडद निळे खनिज अगदी थोडे सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव कॅव्हनसाइट ठेवले गेले. ते जगातील दुर्मिळ खनिजांत गणले जाई. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणीत, पांढऱ्या स्टिल्बाइटवर फुललेले निळ्या कॅव्हनसाइटचे गेंद मिळाले आणि जगभरचे संग्राहक चकित झाले. त्याच खाणीत पेंटागोनाइटही सापडले. दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच, पण अणूंची मांडणी वेगळी. हिरा आणि ग्रॅफाइट यांचे जसे नाते, तसेच हे. रंगावरून दोघांत फसगत होऊ शकते. खात्री करावयाची तर क्ष-किरणांचे विवर्तन पाहावे लागते.

महाराष्ट्रातील अशी खनिजे एकत्र पाहावयाची असतील तर नाशिकजवळ सिन्नर येथे २००१ साली सुरू झालेले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय शाळेच्या सहलीत अवश्य घ्यावे.

चिठ्ठी: नमुन्याचा अर्धा भाग

आता तुमच्या स्वतःच्या संग्रहाकडे वळू. त्यासाठी एक वही, चिकटपट्टी, भिंग, काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्या आणि जुनी वर्तमानपत्रे एवढे साहित्य पुरे. नमुना उचलल्याबरोबर, घरी जाण्यापूर्वीच, त्याला क्रमांक द्यावा आणि वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात:

१) क्रमांक आणि तारीख.
२) नेमके ठिकाण: गाव, जवळची खूण, खोदकाम कशासाठी चालले होते.
३) दगड जागेवरचा आहे की ढिगातला. ढिगातला असल्यास खडी कोठून आली.
४) पोकळीचा आकार आणि आतील खनिजांचा क्रम: भिंतीलगत कोणते, त्याच्यावर कोणते.
५) नमुना कोणी दाखविला. कामगाराने काही सांगितले असल्यास त्याच्याच शब्दांत.
६) खनिजाचे नाव. ते शेवटी लिहावे आणि शंका असेल तर प्रश्नचिन्ह घालावे.

नाव शेवटी का, ते ध्यानात घ्या. नाव चुकले तर पुढे कोणीही तपासून दुरुस्त करील. ठिकाण लिहावयाचे राहिले तर ते नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत शोधून काढता येत नाही. दुसऱ्याकडून घेतलेल्या नमुन्याची जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी फेकू नये. आपली नवी चिठ्ठी तिच्या शेजारी ठेवावी.

ओळख कशी पटवावी?

नमुन्याचे सुबक पैलू बिघडवू नयेत. परीक्षेसाठी तुटलेले तुकडे वापरावेत.

कठिनता: कॅल्साइट, स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट यांवर पोलादी चाकूचा ओरखडा उठतो. क्वार्ट्‌झवर उठत नाही, उलट क्वार्ट्‌झ काचेवर ओरखडा काढते.

आम्ल: कॅल्साइटच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात. झिओलाइटांवर येत नाहीत.

प्रकाश: कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा छापील अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. १६६९ साली डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी हा चमत्कार प्रथम नोंदविला, तो आइसलंडहून आलेल्या कॅल्साइटवर. आइसलंडही आपल्या दख्खनसारखे लाव्हाच्या थरांचेच बनलेले आहे.

विशिष्ट गुरुत्व: येथे आर्किमिडीज आपल्या मदतीला येतो. समजा, काचेसारखे दिसणारे दोन स्वच्छ तुकडे आहेत. पहिल्याचे हवेतील वजन ४७ ग्रॅम आणि पाण्यात बुडवून २७ ग्रॅम भरले. घट २० ग्रॅम. ४७ ला २० ने भागले की २.३५ येतात. दुसऱ्याचे हवेत ५३ आणि पाण्यात ३३ भरले. घट तेवढीच, पण उत्तर २.६५. पहिला तुकडा अपोफिलाइट आणि दुसरा क्वार्ट्‌झ असण्याचा संभव मोठा. स्टिल्बाइटचे उत्तर २.१ ते २.२ च्या आसपास येते, कॅल्साइटचे २.७१. मात्र तुकड्याला बेसाल्ट चिकटलेला नसावा, कारण तो जड असल्याने उत्तर फुगवितो.

तापविणे: शिक्षकांनी स्टिल्बाइटचा लहानसा तुकडा कोरड्या परीक्षानळीत तापवून दाखवावा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. मात्र जे खनिज ओळखता आलेले नाही ते कधीही तापवू नये. सल्फोसॉल्टांसारखी खनिजे तापविली तर आर्सेनिकची विषारी वाफ निघते.

जपणूक

काही नमुने कपाटातही बदलत राहतात. लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून पांढरे पडते आणि त्याची पूड होते. सल्फोसॉल्टांतील प्रूस्टाइट हे माणकासारखे लाल खनिज उजेडात काळवंडते, म्हणून संग्रहालये ते अंधारात ठेवतात. स्कोलेसाइटच्या सुया बोट लागताच मोडतात. त्या झटकू नयेत, फुंकरीने धूळ उडवावी. प्रत्येक खनिजाची पथ्ये वेगळी असतात.

पथ्य संग्राहकाचेही

चालू दगडखाणीत विद्यार्थ्यांनी एकट्याने कधीही जाऊ नये. सुरुंग, सुटे दगड आणि धूळ ही तिन्ही घातक असतात. बंद पडलेल्या खाणीतील साचलेले पाणीही तितकेच धोक्याचे. परवानगी आणि शिक्षक बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. किल्ले, लेणी आणि राष्ट्रीय उद्यान येथील एक खडाही हलवू नये. तसे पाहता नवशिक्याला हातोड्याची गरजच पडत नाही. ज्याचा मालक ‘घेऊन जा’ म्हणतो, असा खडीचा ढीग त्याला वर्षभर पुरतो.

आपल्या भागात हे काम आजच करण्यासारखे आहे. पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६ साली खुला झाला. त्यातून रोज असंख्य लोक जातात, पण त्याच्या खोदकामात कोणत्या पोकळ्या उघड्या पडल्या हे आता बोगद्याच्या भिंतीला विचारून कळणार नाही. आज पुन्हा ठाण्याभोवतीचा कातळ खणला जात आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रोच्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक आहे. ठाण्याहून बोरिवलीला डोंगराखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन २०२४ साली झाले. खोदकाम पुढे सरकते तशी मागे काँक्रिटची भिंत चढते आणि तेथला खडक पुन्हा कोणाला दिसत नाही.

शाळांनी यासाठी फार मोठे काही करावयास नको. शिक्षकांनी बांधकामावरील अभियंत्यांना पत्र लिहून बाहेर पडलेल्या दगडांतील काही तुकडे आणि ते कोठून, किती खोलीवरून निघाले याची माहिती मागावी. खोली ठाऊक असलेले दहा साधे ठिपकेदार दगड प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने मांडले, तर ते बाजारातून विकत आणलेल्या एका देखण्या स्फटिकापेक्षा अधिक शिकवितील. पहिला दगड उचलण्यापूर्वी वही मात्र आखून ठेवा.